सीट, शिवण आणि संकोच

पुण्याच्या रविवार पेठेतील कापडगंजात एका ठोक व्यापाऱ्याची दोन पिढ्यांची पेढी आहे. त्यांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे ऐन हंगामात, हे गृहस्थ सलग अकरा दिवस गादीवर बसले नाहीत. वडिलांच्या काळापासूनची पांढरी शुभ्र गादी, तिच्यावर मांडी घालून तीस वर्षे बसलेला माणूस, आणि तो आता खांबाला टेकून उभ्याउभ्याने तागे दाखवीत होता. मुनीमजींनी दोनदा लोड सरकवून पाहिला. गावोगावचे दुकानदार विचारीत, "शेठ, आज उभे का?" त्यावर उत्तर ठरलेले असे, "डॉक्टरांनी सांगितलंय, फार बसू नका." वस्तुतः तोपर्यंत ते कोणत्याही डॉक्टरकडे गेलेलेच नव्हते.

मूळ दुखणे अवघे दोन-तीन तळव्यांएवढ्या जागेचे होते. जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूस कातडी सोलवटली होती. युद्धात नव्हे, अपघातात नव्हे, तर सायकल चालवताना. आणि ही गोष्ट घरात सांगावी कुणाला, या एका प्रश्नापाशी सगळे अडले होते.

सायकल त्यांच्या आयुष्यात आली ती साखरेच्या वाटेने. वयाच्या बावन्नाव्या वर्षी रक्ततपासणीचा कागद हाती आला आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आठच्या वर निघाला. चालायला गुडघे साथ देईनात, म्हणून डॉक्टरांनीच सायकल सुचवली. पहाटे साडेपाचला निघायचे, दुकान उघडण्यापूर्वी परत यायचे. आधी सारसबागेपर्यंत, मग कात्रजपर्यंत, मग रविवारी खेड शिवापूर आणि कधी पानशेत. वर्षभरात आकडा सातच्या खाली आला, गोळी अर्धी झाली. ज्या माणसाला जिना चढताना धाप लागे, तो सत्तर किलोमीटर जाऊन येऊन आंघोळ करून दहाला पेढीवर बसू लागला. म्हणजे सायकल हा त्यांचा छंद राहिला नव्हता, ते औषध झाले होते. आणि जे सोलवटले त्याने हे औषधच बंद पाडले, हे या हकिकतीतले खरे दुखणे.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये 'ब्रेव्हे' नावाचा एक प्रकार आहे. मूळ फ्रेंच. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन पुन्हा पॅरिसला येण्याची जी प्रसिद्ध सायकलफेरी आहे, ती प्रथम 1891 साली झाली; आज ती दर चार वर्षांनी होते आणि तिची बाराशे किलोमीटरची मुदत नव्वद तासांची असते. तिच्यात भाग घेण्यासाठी आधी लहान पल्ले पार करावे लागतात : दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटर. दोनशेला साडेतेरा तास मिळतात. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वाटेवरच्या ठरावीक ठिकाणी वेळेत पोहोचल्याची नोंद करायची आणि मुदतीत परतायचे, एवढेच. व्यापारी माणसाला ही रीत आवडली नसती तरच नवल. स्पर्धा कुणाशी नाही, हिशेब स्वतःचा स्वतःशी, आणि मुदत मात्र हुंडीसारखी पक्की.

तयारी त्यांनी कसोशीने केली. दोन जादा ट्यूब, हवेचा पंप, पुढचा-मागचा दिवा, खाकरा, खजूर, मिठाची लिंबूपाणी. सीट टणक वाटत होती, म्हणून बाजारात मिळालेली सर्वांत रुंद आणि सर्वांत मऊ सीट बसवली. तिच्यावर आणखी जेलचे कव्हर चढवले. गादीवर वाढलेल्या माणसाला मऊपणा म्हणजेच आराम, यात शंका कशी यावी? सायकलसाठीची घट्ट लायक्राची अर्धी चड्डी मुलाने आणून दिली होती. तिच्या आत त्यांनी नेहमीची सुती अंतर्वस्त्रे घातली. अंगाला सुतीच उत्तम, हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते. फक्त ते साडेतेरा तास सायकल चालवणाऱ्याला सांगितलेले नव्हते.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. सकाळी सहाला निघाले. जुना कात्रज घाट उजाडता उजाडता चढून झाला. शिरवळला पोहोचेपर्यंत उन्हाने डोके वर काढले होते आणि चड्डी घामाने भिजली होती. खंबाटकी घाटात, बसल्याबसल्याच, दातओठ खाऊन त्यांनी सायकल वर नेली. सुरूर मागे पडले, पाचवड मागे पडले. आनेवाडीच्या टोलनाक्यापाशी, जेथून वळायचे होते तेथे, ते अर्धा तास सावलीत बसले. वारा होता, घाम वाळला. उठून पुन्हा सीटवर बसले तेव्हा पहिली कळ आली. चटका बसावा तशी.

परतीच्या वाटेवर त्यांनी सगळे करून पाहिले. डावीकडे सरकून, उजवीकडे सरकून, कव्हर काढून, कव्हर घालून. पाय चालत होते, दम शाबूत होता, वेळही हातात होता. पण दीडशे किलोमीटर होता होता शिरवळच्या अलीकडे ते उतरले ते पुन्हा बसू शकले नाहीत. मुलाला फोन केला. पेढीचा टेम्पो आला. चालकाच्या शेजारी ते एका कुशीवर टेकून बसले आणि मुलाने विचारले, "पप्पा, पाय गेले का?" ते म्हणाले, "हो." त्या दिवसाचे पहिले खोटे तेच.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण पुष्कळांना ते नुसत्या सवयीचा अभाव वाटते. सायकलस्वार मिनिटाला साधारण सत्तर-ऐंशी वेळा पाय फिरवतो. म्हणजे तासाला चार हजारांहून अधिक वेळा मांडीची आतली बाजू सीटच्या कडेवरून आणि कापडाच्या शिवणीवरून घासत जाते. कोरडी कातडी हे बराच वेळ सोसते. घामाने भिजली की तिचा वरचा थर मऊ पडतो, कापड तिला चिकटते आणि घर्षण वाढते. पुढे तोच घाम वाळला की मागे मीठ राहते, आणि मिठाचे बारीक कण पॉलिशपेपरसारखे काम करतात. आनेवाडीच्या सावलीत जो वारा इतका सुखाचा वाटला, त्यानेच ही व्यवस्था केली होती. सुती कापड घाम शोषते, हा त्याचा गुण. पण शोषलेला घाम ते सोडत नाही, जड होते, चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी ही एक नवी कड होते. कापडाच्या व्यापाऱ्याला ही गोष्ट पोत चाचपून कधी कळली नव्हती. ती मांडीला कळली.

इथपर्यंत झाले ते दुखणे साधे होते. चार दिवस विश्रांती, स्वच्छ पाणी, सैल कपडे आणि झिंक ऑक्साइडचे लहान मुलांना लावतात तसले मलम, एवढ्याने ते भरून आले असते. पण त्याला संकोच येऊन मिळाला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन त्यांनी खालच्या आवाजात "खाजेसाठी काहीतरी" मागितले आणि एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत आग शमली, लाली ओसरली. ते खूष झाले आणि पुन्हा सायकल घेऊन निघाले. आठवड्याने खाज दुप्पट होऊन परतली, आणि आता जागोजागी गोल चकंदळे उठली होती. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा अधिक मोठी चकंदळे. गादी सुटली ती या दिवसांत.

शेवटी पत्नीने धुण्याच्या टोपलीत रक्ताचे ठिपके पाहिले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. रात्री दिवा मालवल्यावर एवढेच म्हणाल्या, "अहो, उद्या डॉक्टरांकडे जायचंय. मी मुनीमजींना सांगितलंय, तुम्ही उशिरा येणार."

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी ट्यूब पाहायला मागितली, मग जखम. ट्यूबवरची बारीक अक्षरे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. तिच्यात तीन औषधांचे मिश्रण होते : एक बुरशीनाशक, एक जिवाणूनाशक आणि एक तीव्र स्टेरॉइड. सोललेल्या, ओलसर जागी बुरशी धरणे, म्हणजे आपल्याकडे ज्याला गजकर्ण म्हणतात ते होणे, उष्ण हवेत सहज घडते. मधुमेह असलेल्याला अधिकच सहज. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, म्हणून रोग्याला वाटते की गुण आला. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय लावून चिघळवलेली गजकर्णे घेऊन आपल्या देशात आज किती रोगी त्वचेच्या दवाखान्यांत बसलेले असतात, हे कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. "शेठ," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कापड घेताना गाठ उघडून शेवटचा ताग्यापर्यंत पाहता. औषध मात्र न वाचता घेतलंत?" ते काही बोलले नाहीत. हा टोला वर्मी बसला होता.

सहा आठवड्यांचे औषध. बरे दिसले तरी मध्येच सोडायचे नाही. टॉवेल वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवायचे. आणि सायकल? पूर्ण बरे होईपर्यंत बंद. डॉक्टरांनी आणखी एक ताकीद दिली, जी प्रत्येक मधुमेही सायकलस्वाराने लक्षात ठेवावी अशी आहे : लाली पसरत जाणे, गळू धरणे, पू येणे किंवा ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नये, त्याच दिवशी दाखवावे. साखर जास्त असलेल्या शरीरात लहान जखमही लहान राहीलच असे नसते.

सहा आठवडे सायकल बंद म्हणजे साखर वर जाणार, हे त्यांना ठाऊक होते. ती गेलीही थोडी. त्या काळात त्यांनी मनाशी ठरवले की गुडघ्याप्रमाणे हेही नशिबाचे म्हणून सोडून द्यायचे नाही. माल खराब निघाला तर तो कुठे बिघडला हे शोधायचे, तसे शोधायचे.

पहिला धडा मिळाला तो एका वृद्ध शिंपी मास्तरांकडून. पेढीचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याशी बोलताना शेठनी गोष्ट 'एका मित्राची' म्हणून सांगितली. मास्तरांनी मित्राबद्दल अधिक विचारले नाही, एवढी त्यांची सभ्यता. त्यांनी एक साधी चड्डी उलटी करून टेबलावर पसरली आणि आसनाच्या मध्यावर बोट ठेवले. पुढची, मागची आणि दोन पायांच्या अशा चार शिवणी तेथे एकत्र येतात, आणि नेमका तोच गठ्ठा बसणाऱ्याच्या अंगाखाली येतो. जुन्या पायजम्यात आसनाखाली तिरका चौकोनी तुकडा घालीत, त्याचे कारण हेच; शिवणी मधून बाजूला सरकतात आणि पाय मोकळा पडतो. सायकलच्या चांगल्या चड्डीत मास्तरांची हीच युक्ती वेगळ्या रूपाने असते. आत एकसंध, शिवण नसलेली गादी असते, आणि बाकीच्या शिवणी सपाट, कापडाच्या कडा एकमेकींवर न चढवता घातलेल्या असतात. ही गादी थेट कातडीला लागावी म्हणूनच केलेली असते. तिच्या आत अंतर्वस्त्र घालणे म्हणजे काढून टाकलेल्या शिवणी पुन्हा आणून ठेवणे. नव्या स्वारांपैकी निम्म्यांची चूक येथेच होत असावी, आणि त्याचे कारण पुन्हा संकोचच. हे कुणी कुणाला सांगत नाही.

या गादीला सायकलवाले 'शॅमॉय' म्हणतात. शॅमॉय हा युरोपातल्या डोंगरांत राहणारा शेळीसारखा प्राणी. पूर्वी चड्डीच्या आत मऊ कमावलेले कातडे लावीत, त्यावरून हे नाव. कातडे धुतल्यावर कडक होई, म्हणून ते मऊ ठेवण्यासाठी मलम चोळीत. आज गादी कृत्रिम धाग्यांची असते, कातड्याचा संबंध उरलेला नाही. मात्र मलम राहिले, आता ते घर्षण कमी करण्यासाठी लावतात. आपल्या घरांत मात्र येथे दोन गोष्टी पाहून घ्याव्या लागतात. काही मलमांत मधमाश्यांचे मेण असते, काहींत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेला स्निग्ध पदार्थ. दोन्ही टाळून वनस्पतिजन्य घटकांनी केलेली मलमे मिळतात, वेष्टन वाचण्याचे तेवढे कष्ट घ्यावे लागतात. कातडी सीटची लांब पल्ल्याच्या स्वारांत फार ख्याती आहे. शेठनी ती विचारातही घेतली नाही, आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

घरगुती उपायही त्यांनी पारखले. खोबरेल तेल उत्तम वाटते, पण तासाभरात मुरून जाते. पेट्रोलियम जेली टिकते, पण गादीच्या कापडात शिरून बसते आणि सहज धुऊन निघत नाही. पावडर तर सर्वांत फसवी : पहिल्या दहा किलोमीटरला सुख देते, पुढे घामात कालवून तिचा चिखल होतो आणि त्याचे गोळे घासू लागतात.

सीटचा प्रश्न त्यांनी फूटपट्टीने सोडवला. मालाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा टणक बाकावर ठेवून त्यावर ते काही वेळ पुढे वाकून बसले. उठून पाहिले तर दोन खळगे पडले होते, बैठकीच्या दोन हाडांचे. त्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर मोजले. सीटचा मागचा भाग या अंतराहून थोडा रुंद हवा, म्हणजे भार हाडांवर राहतो. त्याहून फार रुंद झाला की कडा मांडीला घासतात. आणि सीट फार मऊ असली की हाडे तिच्यात रुततात, मधला नाजूक भाग वर दाबला जातो, शिवाय जेलचे कव्हर प्रत्येक फेऱ्यागणिक इकडेतिकडे सरकते. त्यांची रुंद, मऊ, कव्हर चढवलेली सीट म्हणजे तिन्ही दोषांचा एकत्र संग्रह होता. नवी सीट अरुंद, टणक, हात लावून पाहिली तर विकत घेऊच नये अशी. पेढीची गादी मांडी घालून स्थिर बसणाऱ्यासाठी असते. सायकलवर माणूस स्थिर बसलेला नसतो, हे त्यांना हळूहळू पटले.

उंचीही चुकलेली होती. सीट गरजेपेक्षा वर असल्याने प्रत्येक वेळी पाय खाली पोहोचवताना कंबर डावी-उजवीकडे कलत होती आणि तेवढीच मांडी घासत होती. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा, अशा बेताने त्यांनी ती दोन बोटे खाली घेतली.

डिसेंबरात सायकल पुन्हा बाहेर निघाली. आधी वीस किलोमीटर, मग तीस. कातडीलाही पायांसारखा सराव द्यावा लागतो, एकदम वाढवलेले अंतर ती सोसत नाही. दर पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभे राहून चालवायचे, म्हणजे दाब सुटतो, हवा लागते. घरी आल्यावर चहा नंतर, वर्तमानपत्र नंतर. आधी ओली चड्डी उतरवायची, सौम्य साबणाने धुऊन नीट कोरडे करायचे. पूर्वी ते तशाच चड्डीत तासभर मित्रांशी नाक्यावर बोलत उभे राहत. चड्डी प्रत्येक वेळी धुतलेलीच.

याच सुमारास घरात एक गोष्ट घडली. सूनबाईंनीही त्या वर्षी सायकल घेतली होती आणि दोन महिन्यांत ती बाल्कनीत उभी राहिली होती. विचारले तर म्हणत, "वेळ मिळत नाही." एके दिवशी जेवताना शेठ मुलाकडे पाहून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, बोलू लागले. सीट कशी निवडावी, चड्डीत आत काय घालू नये, मलम केव्हा लावावे, कोणती ट्यूब कधीही घेऊ नये. भर पंगतीत. मुलाचे कान लाल झाले. पत्नी भात वाढता वाढता थांबल्या आणि मग पुन्हा वाढू लागल्या. सूनबाईंनी मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंकडे पुठ्ठा मागितला. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांतले अंतर सामान्यतः अधिक असते आणि दुकानातल्या सायकलीवर बहुधा पुरुषांच्या मापाची सीट येते. त्यांचा त्रास म्हणूनच अनेकदा जास्त असतो आणि त्याबद्दलचे बोलणे त्याहून कमी. ती सायकल आठवड्याभरात बाल्कनीतून खाली उतरली.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दोनशेचा दुसरा प्रयत्न झाला. वाट तीच. या वेळी खंबाटकी त्यांनी अधूनमधून उभे राहून चढला. आनेवाडीला सावलीत नुसते बसण्याऐवजी पाण्याची बाटली घेऊन आडोशाला गेले, मीठ धुऊन काढले, कोरडे केले, दुसरी धुतलेली चड्डी चढवली, मलमाचा पातळ हात फिरवला. या सगळ्याला बारा मिनिटे लागली, आणि साडेतेरा तासांच्या हिशेबात ती त्यांनी आधीच धरलेली होती. शिरवळच्या अलीकडे जेथे टेम्पो बोलावला होता तेथे ते थांबले नाहीत. एकशे ऐंशीच्या पुढे उजव्या मांडीला थोडी चुणचुण जाणवली. ते उतरले, पाहिले, पुन्हा मलम लावले आणि निघाले. संध्याकाळी सव्वासातला, मुदत संपायला पंधरा मिनिटे असताना, त्यांच्या कार्डावर शेवटची नोंद झाली.

सोमवारी दहाला पेढी उघडली. मुनीमजींनी लोड सरकवला आणि शेठ गादीवर मांडी घालून बसले. बार्शीहून आलेल्या एका दुकानदाराने पॉपलिनचे तागे मागवले, भावावरून नेहमीची घासाघीस सुरू झाली.